मोटारीवरचा जीव

आपल्याकडे मोटारीवर प्रेम करणारी माणसे दोन प्रकारची आढळतात. पहिल्या प्रकारचा गृहस्थ पाडव्याच्या मुहूर्तावर गाडी घरी आणतो, तिला झेंडूची माळ घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो आणि मग तिच्याकडे कोण कोण पाहते आहे हे पाहत वर्षभर हिंडतो. दुसऱ्या प्रकारच्या माणसाला गाडीचा आवाज किंचित बदलला तरी घास गोड लागत नाही. रविवारी सकाळी तो बॉनेट वर करून उभा असतो आणि बायकोने चहासाठी तिसऱ्यांदा मारलेली हाकही त्याला ऐकू येत नाही. पहिल्याचे प्रेम मिरवण्याचे, दुसऱ्याचे सांभाळण्याचे. पहिल्याला गाडी म्हणजे आपली पत वाटते. दुसऱ्याला ती घरातले एक माणूस वाटते, आणि तेही थोडे आजारी.

आपल्या कथा-कादंबऱ्यांनी आणि बोलपटांनी बहुतांशी पहिल्याच प्रेमाची बाजू घेतली आहे. श्रीमंत बापाची मुलगी मोटारीतून उतरते, खलनायक मोटारीतून पळून जातो, नायक-नायिका घाटातल्या वळणावर गात गात दिसेनाशी होतात. मोटार बंद पडते तीसुद्धा त्या दोघांची गाठ पडावी म्हणून. पण बॉनेटच्या खाली काय आहे, ते कुणाला कळते, आणि ज्याला कळते त्याच्या नखांतली काळी रेघ साबणाने का निघत नाही, याची चौकशी सहसा कुणी करीत नाही.

या रीतीला दोन ठळक अपवाद आहेत, आणि योगायोग असा की दोन्ही १९५८ सालचे आहेत. एक सत्येन बोस यांनी दिग्दर्शित केलेला 'चलती का नाम गाडी' हा हिंदी बोलपट. दुसरा ऋत्विक घटक यांचा 'अजांत्रिक' हा बंगाली चित्रपट. दोहोंच्या केंद्रस्थानी एक जुनीपुराणी मोटार आहे, आणि तिच्याभोवती तिला जगवणारी माणसे आहेत. पहिल्याला लोकांनी डोक्यावर घेतले आणि हसून सोडून दिले. दुसऱ्याकडे त्या वेळच्या प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि पुढे जाणकारांनी त्याला हात जोडले. मला या लेखात एवढेच सुचवायचे आहे की, हसून सोडून दिलेल्या त्या बोलपटात यंत्र आणि माणूस यांच्या नात्याविषयी असे एक शहाणपण आहे, जे थोर ठरलेल्या चित्रपटात नाही. आणि आज आपल्या घरांना त्याचीच अधिक गरज आहे.

जुनी मोटार १९५८ सालीच दोन वेगवेगळ्या कलावंतांच्या मनात का आली असावी? याचे उत्तर अंशतः त्या काळच्या बाजारात सापडते. जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडीला कारखाना काढून शेव्हरोले गाड्यांची जुळणी सुरू केली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने धोरण असे ठरवले की, परदेशातून सुटे भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना येथे फार काळ वाव नाही. गाडी विकायची तर ती येथेच घडवली पाहिजे. १९५४ साली या कंपनीने येथला गाशा गुंडाळला. मागे उरल्या त्या तिच्या जुन्या गाड्या. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडत होती, कलकत्त्याजवळच्या उत्तरपाऱ्याहून अँबॅसडर येऊ लागली होती. पण नोंदवलेली गाडी हाती पडेपर्यंत माणसाचे केस पिकायला लागत. नवी मिळत नाही, मग जुनी जगवा, हा त्या दिवसांचा सरळ हिशेब होता. दुरुस्ती ही तेव्हा हौस नव्हती, गरज होती. त्या गरजेतून गावोगावी एक विद्या उभी राहिली. तिला विद्यापीठ नव्हते. वस्ताद होता आणि त्याच्या हाताखालचे पोर होते.

ही विद्या म्हणजे नुसती हातचलाखी नव्हे, हे येथे सांगणे अवश्य आहे. बंद पडलेल्या पेट्रोलच्या गाडीपुढे उभा राहिलेला जुना मिस्त्री मनाशी थोडेच प्रश्न विचारतो. ठिणगी पडते आहे का? पेट्रोल पोचते आहे का? हवा मिळते आहे का? आणि या तिन्ही गोष्टी ठीक असतील, तर सिलिंडरात दाब राहतो आहे का? तो प्लग काढून पाहतो. प्लग काळा आणि ओला असेल तर एक अर्थ, पांढरा पडला असेल तर दुसरा. कार्बोरेटरात कचरा अडकला आहे की काय हे तो फुंकून बघतो. पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावतो आणि वैद्याने नाडी पाहावी तसा आतला खडखडाट ऐकतो. एकेक शक्यता खोडत तो शेवटच्या शक्यतेपाशी येऊन थांबतो. वर्गात भूमितीचे प्रमेय सोडवताना आपण मुलांकडून याहून निराळे काय करून घेतो? फरक एवढाच की, प्रमेय चुकले तर लाल शाईची रेघ येते आणि येथे गाडी हलत नाही.

आता 'चलती का नाम गाडी'कडे वळू. या बोलपटाचे आम्हां भुसावळकरांशी शेजारपणाचे नाते आहे. भुसावळहून इटारसीच्या गाडीत बसले आणि बऱ्हाणपूर मागे टाकले की खांडवा येते. अशोककुमार, अनूपकुमार आणि किशोरकुमार या गांगुली बंधूंचे ते गाव. वडील तेथे वकिली करीत. थोरले अशोककुमार मुंबईत बॉम्बे टॉकीजमध्ये प्रथम शिरले ते नट म्हणून नव्हे, तर प्रयोगशाळेतले साहाय्यक म्हणून. धाकटे किशोरकुमार यांचा जन्म १९२९ सालचा आणि खांडव्याचाच. १९८७ साली मुंबईत निधन झाल्यावर त्यांना अखेरचा निरोपही खांडव्यातच दिला गेला. या तिघा भावांनी या बोलपटात तिघा भावांचीच कामे केली आहेत. ब्रिजमोहन, जगमोहन आणि मनमोहन हे तिघे मुंबईत मोटारदुरुस्तीचे गॅरेज चालवतात. थोरल्याला बायकांचा तिटकारा. त्यामुळे घर आणि गॅरेज दोन्ही ब्रह्मचाऱ्यांचा मठ झालेली. अशा मठात एका पावसाळी रात्री रेणू नावाची तरुणी, म्हणजे मधुबाला, आपली बंद पडलेली गाडी घेऊन येते. रात्रपाळीला धाकटा मनमोहन असतो. तो कुरकुरत उठतो, गाडी दुरुस्त करून देतो, आणि बाईसाहेब मजुरी न देताच निघून जातात.

मजुरी किती? पाच रुपये बारा आणे. देशात १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे चालू झाले होते. तरी येथे बिल मात्र आण्यांतले आहे, आणि तेही अगदी नेमके. पुढची सगळी प्रेमकथा या बिलाच्या वसुलीतून सुरू होते. मनमोहन तिच्या मागे लागतो तो तिच्या सौंदर्यावर भुलून नव्हे, निदान तो स्वतःशी तसे कबूल करीत नाही. त्याला आपले पाच रुपये बारा आणे हवे आहेत. प्रेक्षक या हट्टाला हसतात, आणि ते हसणे योग्यच आहे. पण त्या हसण्याच्या पोटात केवढी मोठी गोष्ट दडली आहे! आपल्या बोलपटांत नायकाने श्रीमंत मुलीसाठी काही केले की तो उपकार असतो, पराक्रम असतो किंवा त्याग असतो. येथे ते काम आहे, आणि कामाचे दाम असते. मनमोहन दाम मागताना लाजत नाही, ओशाळत नाही, गरिबीचे भांडवल करीत नाही. कारागिराची प्रतिष्ठा या एका फुटकळ रकमेत जेवढी साठवली आहे, तेवढी श्रमाच्या महतीवरच्या पल्लेदार भाषणांतही क्वचितच आढळते.

त्या पावसाळी रात्रीचे गाणेही या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. भिजलेली नायिका आणि तिला निरखणारा नायक हा प्रसंग आपल्या पडद्याला नवा नाही. पण येथे नायकाच्या हातात पान्हा आहे. तो गातो तो हत्यारांवर ताल धरून; लोखंडावर लोखंड वाजते आणि सचिन देव बर्मन यांची चाल त्यावर स्वार होते. जो माणूस दिवसभर ठोकून आणि ऐकूनच यंत्राचे दुखणे ओळखतो, त्याला ताल शिकवावा लागत नाही. गाणे कामाला थांबवून आलेले नाही. कामातूनच निघाले आहे. जात्यावर ओव्या जशा येतात तसे. आमच्या खानदेशच्या बहिणाबाई चौधरींनी घरोटावर आणि मोटेवर कविता केल्या, त्या काम बाजूला ठेवून केलेल्या नव्हेत. १९५२ साली 'बहिणाबाईची गाणी' छापून आली आणि शिकल्यासवरल्या महाराष्ट्राला समजले की अवजाराशी माणसाचे बोलणे चालते. सहा वर्षांनी खांडव्याच्या या भावांनी तीच गोष्ट पान्ह्याच्या बाबतीत दाखवली, असे म्हटले तर ते ओढूनताणून जुळवलेले साम्य ठरू नये.

आणखी एक गोष्ट. या तिघांची स्वतःची जुनाट उघडी मोटार मुंबईच्या रस्त्यांवरून धावते, तेव्हा तिच्यात बसलेल्या एकाही भावाला तिची लाज वाटत नाही. बाजूने नव्या लांबलचक गाड्या जात असतात. त्यांच्याकडे पाहून एकही भाऊ सुस्कारा सोडीत नाही. कारण ही गाडी चालते आहे ती त्यांच्या हातांनी, हे त्यांना ठाऊक आहे. शीर्षकाचा अर्थही हाच आहे: जी चालते तिला गाडी म्हणावे. बाकीच्यांना काय म्हणावे ते ज्याने त्याने ठरवावे!

या बोलपटात उणिवा नाहीत असे मात्र नाही. उत्तरार्धात राजेसाहेब, त्यांची कारस्थाने, डांबून ठेवलेली स्त्री असा सगळा ठरीव मालमसाला येतो आणि गॅरेज मागे पडते. ज्या जागेने कथेला जिवंतपणा दिला ती जागा सोडून कथा वाड्यात शिरते, आणि तेथे तिची रसहानी होते. थोरल्या भावाच्या स्त्रीद्वेषाचे कारण उघड झाल्यावर तर सगळे धागे घाईघाईने, लग्नाची पंगत उरकावी तसे उरकले जातात. तरीसुद्धा बोलपट संपल्यावर मनात राहते ते गॅरेजच. दिग्दर्शकाला गोष्ट सांगायची होती. त्याच्या हातून एक जागा आणि एक वृत्ती अमर होऊन गेली.

'अजांत्रिक'चे जग अगदी वेगळे. बंगालीत 'य'चा उच्चार 'ज'सारखा होतो. तेव्हा हा आपला 'अयांत्रिक', म्हणजे जे निव्वळ यंत्र नाही ते. सुबोध घोष यांच्या कथेवरून घटकांनी हा चित्रपट केला. रांचीच्या बाजूचा डोंगराळ, आदिवासी मुलूख. तेथल्या एका लहान गावात बिमल नावाचा एकाकी टॅक्सीवाला. त्याची शेव्हरोले १९२० सालच्या सुमाराची, पार खिळखिळी झालेली. तिचे नाव जगद्दल. बिमलला बायको नाही, पोर नाही. सोबतीला सुलतान नावाचा एक पोरका मुलगा. तो गाडीशी बोलतो, तिच्यावर रुसतो, तिची समजूत घालतो. रेडिएटरमध्ये पाणी ओतले की तहानलेल्या माणसाने घटाघटा प्यावे तसा आवाज येतो. दिवे डोळ्यांसारखे हलतात. गावकरी हसतात, इतर टॅक्सीवाले चेष्टा करतात. एक फसवली गेलेली तरुणी त्याच्या गाडीत येते आणि त्याच्या मनात माणसाविषयी ओल फुटते, तेव्हा जगद्दल जणू सवतीमत्सराने अडून बसते. शेवटी बिमल साठवलेली पुंजी तिच्या दुरुस्तीला लावतो. पण ती काही वाचत नाही. भंगारवाला येतो, तिचे तुकडे गाड्यावर लादून नेतो. बिमल सुन्न उभा. इतक्यात तिचा ओळखीचा भोंगा ऐकू येतो. एक लहान मूल त्या सुटलेल्या भोंग्याशी खेळत असते. बिमलच्या डोळ्यांत पाणी असते आणि तो हसतो.

चित्रपटकला म्हणून पाहिले तर 'अजांत्रिक'ची पायरी फार वरची आहे, याविषयी दुमत होऊ नये. यंत्राचे आवाज हीच एक भाषा होऊ शकते, हे घटकांनी ज्या धिटाईने दाखवले तिला त्या काळी आपल्याकडे जोड नव्हती. १९५९ साली तो व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. पुढे घटक पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकवायला आले आणि तेथल्या विद्यार्थ्यांच्या एका पिढीवर त्यांची छाप पडली. आणि सर्वांत मोठी गोष्ट, जी 'चलती का नाम गाडी'ला झेपलीच नसती, ती 'अजांत्रिक' सांगतो: सांभाळलेली वस्तूही एक दिवस मरते. सांभाळणे म्हणजे मरण टाळणे नव्हे. तो भोंगा मुलाच्या हाती गेला की दुःखातच पुढचा दुवा दिसतो. तो शेवट पाहून ज्याचे मन हलत नाही त्याने आपलाच प्लग एकदा तपासून घ्यावा.

तरीही माझी तक्रार आहे. बिमलचे प्रेम सुंदर आहे, पण ते वेड आहे, आणि चित्रपटाने ते वेड म्हणूनच रंगवले आहे. यंत्राला जपणारा माणूस म्हणजे समाजाबाहेरचा, माणसांत न रमणारा विक्षिप्त इसम, अशी एक समजूत त्यातून नकळत पक्की होते. त्याची विद्या आपल्याला दिसत नाही. त्याची व्यथा दिसते. त्याने गाडीत काय दुरुस्त केले हे आठवत नाही, तो तिच्याशी काय बोलला हे आठवते. बुद्धिमंत प्रेक्षकाला हे सोयीचे आहे. कारागिराच्या दुःखावर त्याला डोळे पुसता येतात आणि कारागिराच्या ज्ञानापुढे मात्र मान लववावी लागत नाही. मनमोहन त्याला ही सवलत देत नाही. तो वेडगळ वागतो, पण वेडा नाही. त्याला भाऊ आहेत, घर आहे, धंदा आहे, आणि हिशेब चोख आहे. दुरुस्ती हे त्याचे दुर्दैव नाही, त्याचा संसार आहे. म्हणूनच मी म्हणतो की, 'अजांत्रिक' श्रेष्ठ कलाकृती असली तरी कारागिराविषयीचा आदर 'चलती का नाम गाडी'त अधिक निरोगी आहे.

दोघांनीही एक कोपरा पुरेसा उजेडात आणला नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. तो कोपरा म्हणजे गॅरेजातले पोर. गांगुली बंधू गॅरेजचे मालक आहेत. त्यांना गाणे परवडते. बिमलचा सुलतान पडद्यावर येतो, पण सावलीसारखा. मालकाच्या शिव्या खात, डिझेलने हात धूत विद्या शिकलेल्या त्या पोराची कथा अजून कुणी नीट सांगितलेली नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला असे कामाला ठेवणे कायद्याने बंद आहे, आणि ते बंद झालेच पाहिजे. परंतु गॅरेजातून पोर काढले म्हणजे गॅरेजाविषयीची आपली तुच्छताही निघून गेली, असे मात्र होत नाही.

आणि या सगळ्या चर्चेचा जीव तेथेच आहे. मास्तरकीच्या धंद्यात एक वाक्य माझ्या कानावर वरचेवर पडते. पालक मुलाला समोर उभे करतात आणि म्हणतात, "गुरुजी, याला सांगा, अभ्यास केला नाही तर गॅरेजात पान्हे उचलावे लागतील." मूल खाली बघते. त्या वाक्याने ते अभ्यासाला लागते की नाही देव जाणे. पान्हा ही शिक्षा आहे, एवढे मात्र ते पक्के शिकते. हेच कुटुंब खंडेनवमीला घरातली हत्यारे पुसून त्यांना हळदकुंकू वाहते. वर्षातून एक दिवस पूजा आणि उरलेले दिवस धाक, असा हा आपला न्याय आहे.

ज्या मुलखात हे बोलले जाते तो मुलूख तरी कसा? रावेर, सावदा, यावल इकडची केळी ट्रक भरभरून उत्तरेकडे जातात. तो ट्रक वाटेत दोन दिवस उभा राहिला तर केळी कुणासाठी थांबत नाहीत. बागवानाचा वर्षभराचा घाम ताडपत्रीखाली काळा पडतो. सुरतेहून धुळे, जळगाव, भुसावळ करीत नागपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर मध्यरात्री कंदिलाएवढ्या दिव्याखाली ट्रकच्या पोटाशी पाठीवर पडलेला जो मिस्त्री असतो, त्याच्या हाती त्या घटकेला एका घराची दिवाळी असते. त्याच्यावर कादंबरी नाही, नाटक नाही. त्याच्या नावाने धाक मात्र आहे.

मराठी पडद्यावर या नात्याच्या सर्वांत जवळ गेलेली कलाकृती मोटारीची नाही, सायकलीची आहे. परेश मोकाशी यांचा 'एलिझाबेथ एकादशी' २०१४ साली आला. पंढरपूरच्या एका घरात दिवंगत वडिलांनी स्वतः बनवलेली सायकल आहे. घरच्या अडचणीपायी ती विकायची वेळ येते, आणि मुले आईला नकळत वारीच्या गर्दीत बांगड्या विकायला बसतात. ती सायकल मुलांना प्रिय आहे ती महाग म्हणून नव्हे; तिच्यात वडिलांचे हात आहेत म्हणून. सांभाळण्याचे प्रेम म्हणजे काय हे त्या चित्रपटाने लहान मुलांच्या तोंडून सांगितले, आणि घरोघरच्या मोठ्यांना ते समजले. यंत्र आणि जिव्हाळा या दोन गोष्टी मराठी मनाला एकत्र पेलत नाहीत, ही सबब त्यामुळे आता चालणार नाही.

प्रत्यक्ष जीवनात तरी अशा हातांचे आपण काय केले? इचलकरंजीचे शंकरराव कुळकर्णी यांनी १९४९ साली एक लहानशी मोटार स्वतः बांधली. तिचे नाव 'मीरा'. शाळेची फारशी पायरी न चढलेला हा माणूस पुढे १९७५ पर्यंत तिच्या एकामागून एक सुधारलेल्या आवृत्त्या काढत राहिला. सर्वसामान्य कुटुंबाला परवडेल अशी गाडी हे त्यांचे स्वप्न होते. ती गाडी कारखान्यातून कधी बाहेर पडली नाही. अलीकडे, २०२१ साली, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावी लोहारकाम करणाऱ्या एका गृहस्थाने भंगारातले भाग जुळवून पायाने किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. तिचे चित्र देशभर फिरले. एका मोठ्या उद्योगपतींनी २०२२ च्या जानेवारीत त्यांना आपल्या कंपनीची नवी कोरी गाडी दिली आणि त्यांची गाडी आपल्या संग्रहासाठी घेतली. यात औदार्य होतेच, आणि नियमात न बसणारी गाडी रस्त्यावर येऊ देता येत नाही हेही खरे. पण प्रसंगातला अर्थ बघा: घडवणाऱ्याला आपण विकत मिळणारी वस्तू बक्षीस दिली आणि त्याने घडवलेली वस्तू शोभेला ठेवली. मिरवण्याच्या प्रेमाने सांभाळण्याच्या प्रेमाचा केलेला हा गोड सत्कार आहे.

आता कुणी म्हणेल, गुरुजी, ते दिवस गेले. कार्बोरेटर गेला, संगणक आला. गाडीला स्कॅनर जोडला की तोच दुखणे सांगतो. विजेच्या गाडीत ना ठिणगी, ना पेट्रोल. बॉनेट उघडून बघायचे काय? हा आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. स्कॅनर लक्षण सांगतो. रोग ओळखावा लागतोच. आमच्या गावाने वाफेची इंजिने पाहिली आणि विजेचीही पाहिली. कोळशाने माखलेले फिटर विजेच्या इंजिनांपुढे निकामी झाले नाहीत. ते नवे शिकले, कारण विचार करण्याची शिस्त जुनीच होती. खरी भीती निराळी आहे. वस्तू अशा बनू लागल्या आहेत की त्या उघडताच येऊ नयेत. भाग बिघडला की भाग दुरुस्त न करता सगळा जुडगाच बदलावा. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीच्या हक्का'चा उपक्रम सुरू केला आणि त्यात शेतीची अवजारे, मोबाईल, घरगुती उपकरणे यांच्याबरोबर मोटारीही घेतल्या. हक्क मागावा लागतो आहे, याचाच अर्थ तो निसटतो आहे. पण हक्क कागदावर येऊन भागत नाही. तो वापरणारे हात घरात असावे लागतात, आणि ते हात आपण धाक घालून आखडून ठेवले आहेत.

मिरवण्याच्या प्रेमाचा शेवट कोठे होतो, हेही जाता जाता पाहावे. त्या दोन्ही चित्रपटांतली गाडी वेगासाठी नावाजलेली नाही. जो स्वतः ब्रेक बसवतो त्याला ब्रेकवर किती विसंबावे हे कळते. ज्याने बॉनेट कधी उघडलेच नाही त्याला फक्त पायाखालचा ॲक्सिलेटर माहीत असतो. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली, असे सरकारी अहवाल सांगतो. या सर्वांचे खापर मिरवणाऱ्यांच्या माथी फोडता येणार नाही. रस्ते, नियम, दारू अशी पुष्कळ कारणे आहेत. तथापि गाडीवरचे ज्याचे प्रेम तिच्यापुढून चालणाऱ्या माणसापर्यंत पोचत नाही, त्याला प्रेम म्हणणे कठीण आहे. बिमल वेडा असेल, पण त्याची ओल गाडीवरून माणसाकडे गेली. मनमोहन पैशांसाठी हटून बसला, पण रात्री अडलेल्या बाईला त्याने दारातून परत पाठवले नाही.

असो. दिवाळीच्या सुटीत घरातली लहानथोर मंडळी एकत्र बसून काही पाहतात. या वर्षी 'चलती का नाम गाडी' पाहावा, अशी माझी शिफारस आहे; मुले पोट धरून हसतील आणि मोठ्यांना मधुबाला आहेच. ज्यांना शांत बसवेल त्यांनी दुसऱ्या दिवशी 'अजांत्रिक' जरूर पाहावा. पण पहिला पाहताना एक करावे. नायिका आत आली की सगळ्यांचे डोळे तिच्याकडे जातील. घरातल्या एखाद्या मुलाचे डोळे मात्र पान्ह्याकडे लागलेले दिसतील. त्याला हटकू नये. त्याला गॅरेजचा धाक तर मुळीच घालू नये. फार तर सुटी संपण्यापूर्वी त्याच्यासाठी एक पान्ह्यांचा संच आणावा. फटाक्यांपेक्षा तो अधिक काळ टिकतो, आणि त्याचा आवाजही गोड असतो.